टाकी रिकामी नाही

पिंपरी-चिंचवडमध्ये हवेचा भाव दाबावर ठरतो. रहाटणी फाट्यावरचा पंक्चरवाला दुचाकीच्या चाकात तीस-पस्तीस पौंड हवा भरून देतो, तिला कुणी भाव विचारत नाही. खिशात सुटे असतील ते द्यायचे. चाकणला मी ज्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, तिथे लाइनीतून सहा के.जी.ची हवा चोवीस तास फिरत असते. तिचे पैसे विजेच्या बिलात लपलेले, त्यामुळे ती फुकटच आहे असं सगळ्यांना वाटतं. सीएनजी पंपावर रिक्षात गॅस बसतो तो २०० बारला. आणि आमच्या घरी कपाटावर काळ्या पेटीत जी रायफल असते, तिच्या नळीखालच्या सिलिंडरातही २०० बारच. रिक्षात आणि भाचीच्या रायफलीत एकच दाब आहे, हे लक्षात आल्यापासून मला रायफलीची भीती कमी वाटते आणि रिक्षाची जरा जास्त.

दोनशे बार म्हणजे किती? आमच्या शॉपच्या भाषेत दोनशे के.जी., म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण दोनशे किलोंचा रेटा. आमच्या लाइनीच्या तीसपटींहून जास्त. कारखान्यात सहा के.जी.ची नळी फिटिंगमधून सुटली तर ती सापासारखी फटके मारत सुटते आणि माणसं बाजूला पळतात. त्याच्या तीसपट दाब घरच्या मुलीच्या हातात द्यायचा म्हटल्यावर मामाला झोप लागणं कठीणच. म्हणून मी तिच्याबरोबर हवा भरायला जाऊ लागलो. पुढे भीती गेली, पण जाणं चालू राहिलं.

ती दहा मीटर एअर रायफल खेळते. बालेवाडी आम्हाला तशी जवळ. जगताप डेअरी चौक, वाकड, हायवे ओलांडला की पलीकडे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ती उभी राहिली आणि २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धांची नेमबाजी तिथेच झाली. पण रोजच्या सरावाला तिथवर जायची गरज नसते. दहा मीटरची रेंज कुठल्याही लांबोळक्या हॉलमध्ये बसते, आणि आमच्या बाजूला अशा लहान रेंजा बऱ्याच निघाल्या आहेत. तिच्या रेंजवर एका कोपऱ्यात भिंतीला साखळीने बांधलेली दहा लिटरची टाकी आहे. मुलं तिच्यातून आपापले सिलिंडर भरून घेतात. टाकीतला दाब उतरला की ती गाडीत घालून मोठा कॉम्प्रेसर आहे तिथून भरून आणायची.

भरण्याचं काम दिसायला अगदी साधं. रायफलीच्या पुढचा सिलिंडर हातानेच फिरवून काढायचा. हातभरही लांब नसलेली ॲल्युमिनियमची नळी, टोकाला बटणाएवढं गेज. तो टाकीवरच्या पितळी ॲडॉप्टरवर बसवायचा, पाना न लावता हातानेच आवळायचा. आत ओ-रिंग असते. ती सील धरते, ताकद नाही. नवीन मुलगा हमखास दात-ओठ खाऊन आवळतो आणि ओ-रिंगचा जीव जातो. मग टाकीचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडायचा. बारीक सूं असा आवाज येतो. तो बारीकच राहिला पाहिजे. आवाज जाडावला तर समजायचं, घाई झाली.

घाई नको, कारण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाची नळी बोटांना चटका देते, तोच प्रकार. भसकन भरलं तर सिलिंडर हाताला गरम लागतो, काटा तोऱ्यात २०० वर जातो आणि मूल खूश होतं. तासाभराने सिलिंडर निवला की तोच काटा खाली. आतली हवा पन्नास अंशांना असताना २०० दाखवणारा काटा पंचवीस अंशांना १८५ च्या आसपास येतो. कुठे गळती नसते, कुणी फसवलेलं नसतं. मघाशी दिसत होती त्यातली काही हवा होती आणि काही ऊब. रेंज सांभाळणारे काका म्हणूनच भरताना सिलिंडरवर तळहात ठेवून उभे राहतात. गेजपेक्षा त्यांचा हातावर विश्वास.

“ताई, हळू. ट्रेन पकडायची नाहीये,” ते भाचीला सांगतात. पोरीबाळींना ‘ताई’ म्हणायची त्यांची पद्धत आहे.

भरून झालं की टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि मग ॲडॉप्टरवरचा लहानसा स्क्रू सैल करायचा. फुस्स होतं. मधल्या चिंचोळ्या जागेत अडकलेली हवा निघून जाते. हे केल्याशिवाय सिलिंडर निघतच नाही. थेंबभर जागा, पण तिच्यातही २०० बार बसलेला, आणि तो आटे असे धरून ठेवतो की पैलवानालाही फिरवता येऊ नयेत. एकदा फुस्स झालं की दोन बोटांनी निघतो.

एवढं पाहून झाल्यावर माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला आणि मी टाकीचा हिशेब मांडला. गणित शाळेतल्या बॉइलचंच, १६६२ सालचं. तापमान तेच राहिलं तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम. टाकी दहा लिटरची, २०० बारला भरलेली, म्हणजे मोकळ्यावर सोडली तर २००० लिटर हवा, वजनाने जवळपास अडीच किलो. रायफलीचा सिलिंडर पाव लिटरचा धरू. मुलं तो १०० बारवर आला की आणतात असं धरू. पहिल्या मुलाला मिळतात १९७ बार. दुसऱ्याला १९५. दर वेळी दीड ते अडीच बार उतरत जातात. दहावा येतो त्याला १७८. विसावा येतो त्याला १६१.

आणि या विसाव्या मुलानंतर टाकीत काय उरतं, तर १६०० लिटरहून जास्त हवा. वीस सिलिंडर भरले, पण टाकीतल्या हवेचा पाचवा हिस्सासुद्धा गेला नाही. तरी रेंजवर बोंब सुरू होते, “काका, टाकी संपली!” काका म्हणतात, “संपली नाही रे, उतरली.” त्यांना बॉइल ठाऊक नाही, पण त्यांनी शब्द बरोबर वापरला. टाकी जवळजवळ भरलेली आहे. फक्त तिच्यातली हवा वरच्या बाजूला जाऊ शकत नाही. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की व्हॉल्व्ह सताड उघडा ठेवा, रात्रभर ठेवा, एक कणही जास्तीचा जाणार नाही. किती साठा आहे याला महत्त्व नाही. समोरच्यापेक्षा किती वर आहे, तेवढंच चालतं.

हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा डोक्यात दुसरंच काही चालू होतं. भाचीला पहिल्यांदा रायफल हातात दिली ती तिच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी. उभं कसं राहायचं, डावं कोपर कमरेच्या हाडावर कसं टेकवायचं, श्वास अर्धा सोडून कसा थांबवायचा, गोळी गेल्यावरही डोळा का हलवायचा नाही, हे सगळं त्यांचं. पहिल्या दोन वर्षांत तिचे गुण भराभर चढले. नंतर तिसऱ्या वर्षी अडकले. सर तितकेच मन लावून शिकवत होते, ती तितक्याच नेमाने जात होती, पण पुढे काही सरकेना. एक दिवस सरांनीच आम्हाला बोलावून घेतलं. “माझ्याकडून हिला जेवढं जायचं तेवढं गेलं. आता वरच्याकडे न्या.” बोलताना ना त्यांचा आवाज जड झाला, ना त्यांनी आव आणला. मला तेव्हा वाटलं, सर विनय दाखवताहेत. टाकीचं गणित केल्यावर कळलं, सर मोजून बोलत होते. त्यांच्याकडचं संपलेलं नव्हतं. सहावीतली नवी पोरं आजही त्यांच्याकडून तेवढंच घेतात.

सीएनजीवाल्यांनी हीच अडचण फार आधी सोडवून ठेवलेली आहे. पंपाच्या मागे जाळीआड सिलिंडरांची जी उतरंड दिसते, तिला ते कॅस्केड म्हणतात. तिचे तीन भाग असतात: कमी दाबाचा, मधला आणि जास्त दाबाचा. गाडी लागली की गॅस आधी कमी दाबाच्या भागातून येतो. तिथून येणं मंदावलं की मधल्यातून, आणि शेवटचं टोक गाठायला तेवढं जास्त दाबाच्या भागातून. सगळ्यांत भरलेली टाकी सगळ्यांत शेवटी उघडायची आणि थोडक्यासाठीच उघडायची, म्हणजे ती बराच काळ वर राहते. ज्या पंपाला पाइपलाइन नाही, तिथे असे सिलिंडर बांधलेल्या ट्रकमधून गॅस येतो. आमच्या रस्त्यांवर हे ट्रक नवे नाहीत. रिक्षावाल्यांना यातली यंत्रणा कुणी शिकवलेली नसते, पण परिणाम तोंडपाठ असतात. एकाने मला सांगितलं होतं, “दुपारी लायनीत थांबून उपयोग नाही साहेब, प्रेशर पडलेलं असतं. तीन किलो बसला तर नशीब. पहाटे या.” त्यात थोडी उन्हाची करामत, थोडी गर्दीची.

मग मी रेंजवर दुसऱ्या टाकीचा विषय काढला. आधी उतरलेल्या टाकीतून १६० पर्यंत भरायचं आणि उरलेलं ताज्या टाकीतून. ताज्या टाकीला दर सिलिंडरमागे १०० ऐवजी ४० बारांचाच फरक भरून काढावा लागतो, त्यामुळे ती अडीचपट टिकते. काकांना पटलं. रेंजच्या मालकांना दुसऱ्या टाकीचा खर्च दिसला. चार महिने चर्चा चालली आणि शेवटी टाकी आली ती एका पालकांच्या ओळखीतून, कमी पैशांत, टेस्टचं सर्टिफिकेट बघून. आपल्याकडे गणित पटणं आणि पैसे निघणं ही दोन वेगळी खाती आहेत.

एवढा खटाटोप हवेसाठीच का, असं भाचीच्या आजीने एकदा विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पूर्वीच्या एअर रायफलीत स्प्रिंग असायची, नाहीतर बाजूचा दांडा ओढून दर गोळीला हवा दाबावी लागायची. साठ गोळ्यांच्या सामन्यात साठ वेळा दांडा, सरावाच्या गोळ्या वेगळ्या. मधल्या काळात कार्बन डायऑक्साइड आला. पण तो सिलिंडरात द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर बदलतो: वीस अंशांना ५७ बारच्या आसपास, तीसला ७० च्या वर. एकतीस अंशांच्या पलीकडे तर तो द्रव राहतच नाही. म्युनिकच्या थंड हॉलमध्ये ते चालून जाईल. पुण्याच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली कसं चालणार? दाबून भरलेली साधी हवा त्या मानाने सरळ स्वभावाची. नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्या तिच्याकडे वळल्या आणि आता स्पर्धेत तीच दिसते.

तशी ही युक्ती नवी नाही. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेवरची रायफल घेतली होती. तिचा दस्ताच हवेची टाकी होता. हातपंपाने तो भरायला पंधराशेच्या आसपास दट्टे मारावे लागत. सैनिक लढणार कधी आणि पंप मारणार कधी? म्हणून सैन्याबरोबर गाडीवर बसवलेले मोठे पंपही असत. साठवणीच्या टाकीवाचून हवेची बंदूक चालत नाही, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

आणि इतका दाब भरून शेवटी बाहेर काय पडतं? अर्ध्या ग्रॅमची शिशाची गोळी, सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने. तिची ऊर्जा सात-साडेसात जूलच्या घरात, आपल्याकडे ०.१७७ इंच बोअरच्या आणि वीस जूलपर्यंतच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही, तो याच मापाने. खरं तर गोळीला २०० बार लागतच नाहीत. मध्ये रेग्युलेटर असतो. सिलिंडरात २०० असो की १००, तो गोळीमागे दर वेळी तेवढीच हवा सोडतो. दहा मीटरवरचं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पेनाने कागदावर टेकवलेल्या ठिपक्याएवढं. तिथे पहिल्या आणि साठाव्या गोळीच्या वेगात फरक पडून चालत नाही. काटा रेग्युलेटरच्या दाबाखाली घसरला की मात्र गोळ्या खाली उतरू लागतात, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपला हातच बिघडला. सिडनीत २००० साली अंजली भागवत याच प्रकारात अंतिम फेरीत पोचल्या, २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रांनी याच प्रकारात सुवर्ण घेतलं, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला. टीव्हीवर आपल्याला त्यांचा स्थिर खांदा दिसतो. त्याच्या पुढे तो लहानसा रेग्युलेटरही तेवढाच स्थिर असतो; त्याचं नाव कुठे येत नाही.

हे सगळं पाहिल्यापासून मला आमच्या शॉपमधल्या गळत्या जास्त ऐकू यायला लागल्या. सहा-सात के.जी.च्या लाइनीला तीन मिलिमीटरचं भोक पडलं तर सेकंदाला दहा लिटरच्या आसपास हवा वाया जाते. दाब सोडा, नुसती हवा मोजली तर रेंजवरची अख्खी टाकी साडेतीन मिनिटांत रिकामी. आमच्याकडे असं एक भोक आठवडाभर सूं करत राहतं आणि येणारा-जाणारा त्याला पंख्याचा आवाज समजतो. जवळच दापोडीला ॲटलास कॉप्कोने वर्षानुवर्षं कॉम्प्रेसर बनवले, हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिकने. हवा दाबायचं शहाणपण या गावाला कमी नाही. धरून ठेवायचं थोडं कमी आहे.

वेल्डिंगवाल्यांच्या दुकानातून रायफलीचा सिलिंडर भरून घ्यायचा मोह काही जणांना होतो. तिथे १५० बारचा ऑक्सिजन तयारच असतो, शिवाय ओळखीचा. पण शुद्ध ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा अंश भेटला आणि त्यात दाबाची उष्णता मिळाली की तिथल्या तिथे पेट घेतो. रायफलीत तर ग्रीस असतंच. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काळा रंग त्यासाठीच असतो, लांबून ओळखता यावा म्हणून. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, हा रंग आमच्या सगळ्या शहराने जवळून पाहिला. कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवून रुग्णालयांकडे वळवला होता आणि नेहरूनगरच्या जंबो रुग्णालयापासून गल्लीतल्या घरापर्यंत माणसं गेजकडे डोळे लावून बसली होती. सत्तेचाळीस लिटरचा जंबो सिलिंडर १५० बारला म्हणजे सात घनमीटर, मिनिटाला दहा लिटर दिला तर पावणेबारा तास. हा गुणाकार त्या महिन्यात मी शेजाऱ्यांना फोनवर कितीदा करून दिला असेल. तिथे कुणाला बॉइलचं नाव सांगायची गरज पडली नाही.

सिलिंडरांचे नियम राबवणारं पेसो हे खातं नागपुरात आहे. सिलिंडरची ठरावीक वर्षांनी पाण्याने चाचणी होते, हवेने नाही. कारण पाणी दबत नाही, त्यामुळे चाचणीत फुटला तरी स्फोट होत नाही. नुसता तडकतो आणि भिजवतो. रायफलीच्या लहान सिलिंडराला मात्र बनवणाऱ्या कंपन्या सरळ दहा वर्षांचं आयुष्य देतात. तारीख अंगावर कोरलेली असते. स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर ती बघितली जाऊ शकते, आणि ती उलटून गेलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूची.

गेल्या वर्षी भाचीसाठी जुनी रायफल बघायला गेलो. नव्या जर्मन रायफलीच्या किमतीत आमच्या भागात सेकंडहँड मोटार येते, त्यामुळे जुनीचाच विचार होता. रायफल चांगली निघाली, नळी स्वच्छ, ट्रिगर कुरकुर न करता सुटणारा. सिलिंडरवरची तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटलेली. विकणारे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, “अहो, एक ओरखडा नाही बघा. माझ्या मुलाने जिवापाड जपलाय.” तेही खोटं नव्हतं. पण दोनशे बारला भरायचं, उतरवायचं, पुन्हा भरायचं, असं दहा वर्षं केलेल्या धातूच्या पोटात काय झालंय ते ओरखड्यावरून कळत नाही. मी त्यांना म्हटलं, रायफल घेतो, सिलिंडरचे पैसे वजा करा. त्यांना ते रुचलं नाही. पाऊण तास चहा आणि घासाघीस झाली, आणि शेवटी सिलिंडर त्यांनी फुकट गळ्यात घातला.

नवा मागवला, यायला सहा आठवडे लागले. जुना मी मोकळा केला, काटा शून्यावर आल्याची खात्री केली आणि टूलरूममध्ये नेऊन आरपार भोक पाडून घेतलं. ड्रिल चालवणारा पोरगा हळहळला, “सर, चांगला होता की!” चांगला होताच. म्हणून तर भोक पाडलं, नाहीतर वर्षभरात तो ‘एक ओरखडा नाही’ म्हणून पुन्हा कुणाच्या तरी पोराच्या हाती गेला असता.